खडकावरचा कळप

आमच्या आबांना खोटं कुणी पाडलं, सांगू का? सात शंखांनी.

मी सणसवाडीत कंपनीपायी खोली करून राहतो. दिवाळीपासून कवठ्याला घरी वडलांकडं फिरकलो नव्हतो, म्हणून आबांचा राग घालवायला त्यांना कोकणात नेलं. सारा जलम मेंढरामागं गेलेला माणूस, समुद्राकडं बघंना. माझी पोरगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिनं त्यांना ओहोटीला खडकावर नेलं. तिथल्या एका मऊ गोळ्याला आबांनी काठी लावली, तर त्यानं धोतरावर पाण्याची चिळकांडीच मारली. आबा खूश!

मग पोरीनं खडकाला चिकटलेले टोपीसारखे शंख दाखवले. "आबा, हे पाणी चढलं की चरायला जातात आन् परत आपल्याच जागेवर येतात."

"थापा मारू नको. माझी मेंढरं कुत्री राखणीला असून चुकायची."

आबांनी पोरीची नेलपॉलिश घेतली. मेंढरांवर करतात तशी सात शंखांवर निरनिराळी खूण केली, तीच शेजारी खडकावरबी. भरती लागली तसे शंख हळूहळू सरकत निघाले, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बघतो तर सातच्या सात आपापल्या खुणेवर!

आबांनी वाकून सातही खुणा परत एकेक मोजल्या. मग म्हणाले, "ह्यांना मेंदू केवढा गं?"

"असून नसल्यासारखा, आबा."

आबांनी खडकाला हात लावून नमस्कार केला आन् माझ्याकडं बघितलं.

"तरीच घर चुकत न्हाईत."