इटलीच्या बैलाची सुट्टी

आमच्या गुडीहत्नूरच्या काकाचं सांगतलं काय तुमाले? माह्या हैदराबादच्या दोस्तानं त्यायले एक जुना इटालियन सिनेमा पेनड्राइव्हवर देला होता. काळा-पांढरा. दोन घंटे एक म्हातारा एकाच बैलानं वावर नांगरते, बस. काका तो दर आठवड्याले पाह्यते. भाषा समजत नाही, पण बैल थकलेला दिसला का सिनेमा थांबवते, च्या पिऊन येते, मंग पुढं चालू करते.

हे ऐकून दोस्त काकासंग बसून सिनेमा पाह्याले हैदराबादहून आला. नेमका त्याच दिवशी पोळा. काकानं रिमोट खिशात टाकला.

"आज नाही. पोळ्याले बैल जुपत नसते."

"काका, तो टीव्हीतला बैल आहे."

"चालू केला का त्याले नांगरा लागन."

"अहो, मला संध्याकाळी परत निघायचंय."

तेवढ्यात काकूनं टीव्हीले कुंकू लावलं अन् समोर पुरणपोळी ठेवली. आता दोस्त वैतागला. "काका, साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे. तो बैल कधीच मेला असेल."

काका शांतपणे म्हणे, "म्हनूनच तं. जित्तेपनी त्याले कोनं सुट्टी देली?"