मागचे दिवे

साकोलीच्या माझ्या गॅरेजसमोर सकाळच्या धुक्यात ट्रक ड्रायव्हर डोमा आणि त्यांची बायको मालनबाई ट्रकजवळ माझ्या शेजारी उभे होते.

"बॅटरी नवी टाकली, वायपर बदलले. निघू दे आता, मालन. उभं राहून थकलो."

"मागचे लाल दिवे कुठवर दिसतात?"

"दिसतात वं."

"माझा भाऊ जीवन, तोबी असंच म्हने. धुक्यात त्याची गाडी बंद पडली, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याले दिसलीच नाही."

"मंग काय करू?"

"मी रस्त्याच्या कडेकडेनं मागं चालत जाते. फोन चालू ठेवा."

थोड्या वेळानं फोनमधून तिचा आवाज आला.

"अजून दिसून राहिले."

"बस झालं. ये परत."

"अजून थोडी दूर जाते."

"ये ना, मालन. धुक्यात तूच मले दिसून नाही राहिली."