भरलेली उभी राहणारी बॅग

माझ्या बॅगेची चेन बदलून मिळेपर्यंत मी दुकानात बसलो होतो. शेजारी एक आजी, त्यांचा मुलगा आणि मुलगी मोठी बॅग बघत होते.

"आजी, कापड ओढून बघा. दहा वर्षं हूं की चूं करणार नाही."

"कापड राहू द्या, दादा. चेन उघडा बघू. छे, ही खरखरते. दुसरी दाखवा."

"आई, आवाजाने काय होतंय?"

"तुझ्याकडे मी हॉलमध्ये झोपते ना. पहाटे शाल काढायला गेले की तुझं पोरगं जागं होतं."

"आई, पट्टा तरी रुंद बघ. दर महिन्याला माझ्याकडे राहायला येताना तीन जिने चढायचे असतात."

"जिने महिन्यातून एकदा गं. चेन रोज उघडावी लागते."

"मग ही घ्या, आजी. चेन बघा, लोण्यासारखी. रिकामी झाली की घडी घालून कपाटात ठेवा, जागाच खात नाही."

"रिकामी कधी होते ती? भरलेली असताना भिंतीला टेकून उभी राहते का, तेवढं सांगा."

"राहते की!"

"आई, या खेपेला कपाटातला एक खण तुला देतो मी."

"मागच्या खेपेलाही दिला होतास. हिच्याकडून परत आले, तर त्यात तुमच्या चादरी होत्या."

"अगं, ते..."

"रागावले नाही रे. दादा, हीच द्या. रंग मळखाऊ आहे."