शेवटच्या दोन खांबांमधला वेग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आगारातील बंधू-भगिनींनो, आणि आज निवृत्त होणारे आपले अपघात-तपासनीस साहेब,

मला तीन मिनिटं दिली आहेत. साहेबांसमोर वेळ चुकवायची माझी छाती नाही. माघारी आम्ही त्यांना 'फूटपट्टी' म्हणायचो. साहेब, राग मानू नका.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या बसची एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना धडक बसली. त्यांचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत मी ठणकावून सांगितलं, "ताई धावत आडव्या आल्या. माझा वेग तीसच होता." फेरीच्या नोंदीचा कागदही तेच सांगत होता: बारा किलोमीटर, चोवीस मिनिटं. मर्यादा चाळीसची. सगळे म्हणाले, सुटलास!

पण आपली ड्रायव्हर लोकांची खोड कुणाला ठाऊक नाही? सिग्नलवर गेलेली मिनिटं आपण शेवटच्या सरळ रस्त्यावर भरून काढतो. साहेब मला म्हणाले, "चोवीस मिनिटांची सरासरी घेऊन मी काय करू? धडक काय चोवीस मिनिटं चालली होती?"

त्यांनी समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागवलं आणि स्वतः रस्त्यावर टेप धरली. धडकेआधीचे पाच खांब, म्हणजे एकशे वीस मीटर, नऊ सेकंदांत: ताशी अठ्ठेचाळीस. शेवटचे दोन खांब, तीस मीटर, दोन सेकंद: चोपन्न. मग त्यातलंही शेवटचं अर्धंच अंतर घेतलं: सत्तावन्न. अंतर लहान होत गेलं, तसा मी उघडा पडत गेलो. अहवालात त्यांनी लिहिलं, धडकेच्या क्षणी वेग अठ्ठावन्नच्या आसपास. आणि ताई चालत होत्या, हेही लिहिलं.

माझं लायसन्स दोन वर्षं गेलं. साहेबांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ते या सभेत सांगता येणार नाही. शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि मी ताईंच्या दारी गेलो. त्या हाताने मशीनचं चाक फिरवत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी चाक थांबवलं. मग म्हणाल्या, "घरचे मलाच बोल लावायचे, दादा. बघून चालायला काय झालं होतं, म्हणायचे. साहेबांचा कागद आला, तेव्हा गप्प झाले."

साहेब, आजही मी त्याच रस्त्याने बस नेतो. त्या दोन खांबांमध्ये मला तीन सेकंद लागतात. उद्यापासून मोजायला तुम्ही नसाल, तरी तीनच लागतील.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. साहेब, त्या दिवशीचं तुम्ही पोटात घातलं नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार.