बरणीतला आवळा आणि थुंकीचं यंत्र

...नाही नाही नाही, अहो काका, आधी तोंडातलं काढा! काय आहे ते? सुपारी? कागदात काढा, कागदात! आणि बाई, तुमच्या गालात काय आहे? वेलची? वेलची म्हणजे काहीच नाही? हेच! हेच ते 'काहीच नाही'! या 'काहीच नाही'ने आठ महिने आमच्या नाकी नऊ आणले, तुम्हाला सांगते! जा, सगळ्यांनी चुळा भरून या, आणि मग अर्धा तास नुसतं बसायचं. कप हातात धरायचा, झाकण उघडायचं नाही, आणि बोलायचं नाही, बोललं की तोंड सुकतं. बोलायचं काम माझं. या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तेच करतेय, बाटल्या धुण्याचा पगार घेऊन.

तर ते समोरचं यंत्र बघितलंत? एवढंसं, साबणाच्या वडीएवढं. त्यात ही पट्टी घालायची, पट्टीवर थुंकीचा एक थेंब. पट्टीला एक औषध लावलंय, ते थुंकीतली साखर बरोबर हुडकून काढतं, आणि साखर सापडली की इवलीशी वीज निघते. जितकी साखर तितकी वीज, आणि त्या विजेवरून यंत्र आकडा सांगतं, तुमच्या रक्तात साखर किती! सुई नाही, रक्त नाही, काही नाही. ऐकायला सोपं आहे हो! पण रक्तात जेवढी साखर असते ना, तिचा शंभरावा भाग थुंकीत. म्हणजे पुतियाप्पाच्या बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव चाललाय, आणि त्या गलक्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याची शीळ ऐकायचीय! कशी ऐकायची? मला तर पहिल्या दिवसापासून हाच किडा चावला... कशी ऐकत असेल ही पट्टी?

आणि मला काय पडलं होतं म्हणाल, तर माझी अम्मा. चौऱ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं काथ्या वळला तिने, बोटांची टोकं अशी झालीत की चिंचोके! रोज साखर तपासा म्हणून डॉक्टर सांगतात, आणि मी सुई घेतली की अम्माचे दोन्ही हात पदराखाली. एकदा टोचलं, रक्त नाही. दुसऱ्यांदा टोचलं, रक्त नाही. तिसऱ्यांदा टोचलं की रक्त राहिलं बाजूला, डोळ्यांतून पाणी... तिच्या नाही हो, माझ्या! सहा वर्षं हेच. म्हणून आमच्या फसीला टीचरनी हे यंत्र काढलं तेव्हा मी सांगून ठेवलं होतं, "टीचर, पहिलं यंत्र माझ्या अम्माला." टीचर मला थोरल्या बहिणीसारखं चेची म्हणतात, म्हणाल्या, "दिलं, चेची. पण आधी त्याला खरं बोलायला शिकवू या."

झालं, आसपासची तीस म्हातारी माणसं गोळा केली. सकाळी उपाशीपोटी यायचं, इकडे थुंकायचं, तिकडे दवाखान्यात रक्त द्यायचं, मग दोन आकडे जुळवून बघायचे. आले सगळे. बसले. आणि थुंकीच येईना! अहो, एरवी बस स्टँडवर हीच माणसं फर्लांगभर थुंकतात, आणि हातात स्वच्छ कप दिला की तोंडाचं वाळवंट! दामोदरन मास्तर, रिटायर्ड हेडमास्तर, चष्मा पुसत मला म्हणतात, "वत्सले, सर्वांसमक्ष हे शक्य नाही." त्या तिसांतलेच एक म्हातारे मूसाक्का, त्यांनी वीस मिनिटं कपाकडे बघत काढली, आणि म्हणाले, "मोळे, पोरी, आतून काही येतच नाही, पाऊसच नाही यंदा!"

टीचर म्हणाल्या, "आंबट काहीतरी मनात आणा." मनात! मी म्हटलं, मनात कशाला? किनाऱ्यावर माझ्या दिराचा गाडाच आहे, काचेच्या बरण्या, मिठाच्या पाण्यात आवळे, कैऱ्या, अननस, वर हिरव्या मिरच्या तरंगताहेत... बघा, बघा, तुमच्या तोंडाला पाणी सुटलं की नाही? गिळू नका! वेळ झाली की कपात! तर दुसऱ्या दिवशी मी आवळ्यांची एक बरणीच आणून टेबलावर ठेवली. नुसती बघायला, हां! शपथेवर सांगते, पहिले दोन दिवस नुसती बघायला. तिसऱ्या दिवशी मूसाक्का म्हणाले, "जीभ तेवढी लावतो." जीभ लावली. मग मास्तरांनी लावली. आठवड्याभरात तीसच्या तीस जण गालात आवळा धरून रांगेत बसलेले, आणि कप भरभरून वाहताहेत! जिष्णू, टीचरचा विद्यार्थी, पीएच.डी. करतो, वही घेऊन यायचा, प्रत्येकाला विचारायचा, "काही खाल्लंत का?" सगळे एकासुरात, "नाही!" आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं हो! आपल्याकडे मिठातल्या आवळ्याला खाणं कोण म्हणतं? उपास सोडायच्या आधी चालतो, तापात चालतो, बाळंतिणीला चालतो... मी तरी कुठे सांगितलं? मला वाटलं, थुंकी आली ना, मिटलं!

आणि आकडे? मूसाक्कांचं रक्त म्हणतंय एकशे तीस, यंत्र म्हणतंय चारशे ऐंशी! दामोदरन मास्तरांना जन्मात साखरेचा त्रास नाही, यंत्र म्हणतंय तीनशे नव्वद! मास्तरांनी घरी जाऊन मृत्युपत्र काढलं, तुम्हाला सांगते! मी जिष्णूला म्हटलं, "अरे, तुझं यंत्र बिघडलंय." तर तो, केस असे मागे सारून, "चेची, यंत्र खोटं बोलत नाही. यंत्राला जे दिसतं तेच ते सांगतं." अरे पण त्याला दिसतंय काय? "तेच शोधतोय!"

मग सुरू झाला शोध. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा बदलला. तेच. औषध बदललं, आधी फ्रिजमध्ये, मग फ्रिजबाहेर. तेच. एसी लावला, एसी बंद केला, यंत्र लोखंडी पेटीत ठेवलं, रस्त्यावरून बस जाते तिच्या थरथरीने होतं म्हणून खाली रबर घातलं... तेच! मी रोज विचारायची, "आज?" आणि जिष्णूचं एकच, "यंत्र खोटं बोलत नाही, चेची." एव्हाना त्याची दाढी छातीला टेकायला आली. टीचर जेवायच्या बंद झाल्या. आणि तिरुवनंतपुरमहून, पैसे देणाऱ्यांकडून, पत्र आलं, पुढच्या महिन्यात समिती येणार, दहा माणसांची थुंकी त्यांच्यासमोर तपासायची, आकडा जुळला तर पुढे, नाही जुळला तर काम बंद. मला समिती दिसेचना... मला पदराखालचे अम्माचे हात दिसायला लागले.

आणि मग लागला हरताळ! कशाबद्दल होता देव जाणे, आपल्याकडे कारण विचारतं कोण? बस नाही, दुकान नाही, चहा नाही. मी वेळ्ळयिलहून चालत आले, जवळची आठ म्हातारी चालत आली. दिराचा गाडा बंद, बरणी रिकामी, तळाला दोन मिरच्या. आता थुंकी कशी आणायची? मग मी नुसती नक्कल केली. अशी... आवळा उचलला, मीठ झटकलं, दाताखाली धरला... च्च्च्क! आठही जणांचे कप भरले! आणि आकडे जुळले! आठच्या आठ! मूसाक्का एकशे चौतीस, रक्त एकशे एकतीस! जिष्णू टेबलावर चढून नाचला. आणि उतरून म्हणाला काय, माहितीये? "टीचर, बस बंद होत्या म्हणून! थरथर नव्हती! आता तपासणी हरताळाच्या दिवशीच ठेवायची!" तसं आपल्याकडे दिवसांना तोटा नाही म्हणा...

दुसऱ्या दिवशी बस सुरू, गाडा सुरू, बरणी भरलेली, आणि आकडे पुन्हा चारशे. जिष्णू खिडकीतून बसला शिव्या घालतोय. पण माझ्या डोक्यात किडा! काल काय नव्हतं? बस नव्हती. बरं. वर्तमानपत्र नव्हतं. चहाची टपरी नव्हती. आणि... मी बरणीकडे बघितलं. बरणीने माझ्याकडे बघितलं. सगळे जेवायला गेले तशी मी एक पट्टी घेतली, बरणीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला, आणि यंत्र... सहाशे बारा! अहो, आवळ्याला सहाशे बारा! दवाखान्यात गेला असता तर भरतीच करून घेतला असता त्याला!

सांगावं की बरणी मुकाट्याने घरी न्यावी? मी नेली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आकडे आपोआप जुळले असते, जिष्णूने बसवर निबंध लिहिला असता! पण मला राहवेना. आवळ्यात साखर नाही, चाखून बघा, तुरट! मग यंत्राला दिसलं काय? हे कळल्याशिवाय मला झोप लागली नसती. गेले टीचरकडे, बरणी पुढ्यात ठेवली, म्हटलं, "टीचर, आठ महिने तुमच्या यंत्राला मी आवळा खाऊ घालतेय." टीचर बघतच राहिल्या. माझ्याकडे, बरणीकडे, माझ्याकडे. वाटलं, गेली नोकरी! आणि त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईतो! म्हणाल्या, "चेची, आवळ्यात क जीवनसत्त्व. ते साखर नाही, पण पट्टीला जाऊन भिडलं की साखरेसारखीच वीज देतं. यंत्राने वीज मोजली. ते बिचारं खरंच बोलत होतं."

मी म्हटलं, "मग आता बरणी बंद?" टीचर म्हणाल्या, "आपल्या बंद. पण उद्या हे यंत्र गावोगाव गेलं, तर गावातल्या सगळ्या बरण्या कोण बंद करणार?" मग मी सहज म्हटलं हो, सहजच, की बंदरावर मासे टोपलीसकट तोलतात. मग रिकामी टोपली तोलतात. वजा केलं की उरले मासे. तसं या पट्टीवर एक टिकली औषध लावलेली, आणि शेजारी एक टिकली बिनऔषधाची ठेवली तर? बिनऔषधाच्या टिकलीला साखर कळायची नाही, फक्त आवळा कळेल. केला वजा! टीचरनी माझा हात असा घट्ट धरला. मला वाटलं आता बक्षीस! तर म्हणाल्या, "चेची, हे पुस्तकात आहे. तिसऱ्या वर्षाच्या. मी दर वर्षी शिकवते." घ्या!

पण केली हो, दोन टिकल्यांची पट्टी केली. पंधरा दिवस कुणी घरी धड गेलं नाही. समिती आली, त्यातला एक जाड मिशीवाला, त्याला कुणी आवळ्याची कथा सांगितली, त्याने मुद्दाम बरणी मागवली, मूसाक्कांना दोन आवळे चोखायला लावले आणि स्वतः थेंब टाकला. मी आपली कोडुंगल्लूरच्या भगवतीला नवस बोलतेय! आकडा आला एकशे अडतीस. रक्त? एकशे पस्तीस. मिशीवाल्याने उरलेला आवळा स्वतःच तोंडात टाकला आणि सही केली. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर.

आणि पहिलं यंत्र अम्माला! टीचरनी शब्द पाळला. घरी नेलं, अम्माला खुर्चीत बसवलं, म्हटलं, "अम्मा, सुई संपली! हात काढ पदराबाहेर, आता कुणी टोचणार नाही." अम्माने माझ्या गालावरून हात फिरवला. तिला चूळ भरायला लावली, अर्धा तास बसायला सांगितलं, आणि मी कपडे वाळत घालायला गेले. परत आले, थेंब घेतला... पाचशे चाळीस! तर अम्मा एकदम शांत, "मोळे, मी आवळा चोखला होता ना, त्याचं असेल." बघा! आठ महिने जिला मी रोज संध्याकाळी सगळं सांगितलं, तिने बरोबर तेवढंच लक्षात ठेवलं! मी म्हटलं, "अम्मा, आवळा आता याला फसवू शकत नाही. यंत्र खोटं बोलत नाही." आणि तिच्या खुर्चीतली उशी उचलली. उशीखाली मिठाई तेरूच्या गल्लीतला काळा हलवा, पाव किलोचा पुडा, अर्धा संपलेला!

तेव्हापासून काय झालंय, सांगू? जी बाई पहाटे पाचपासून शेजारणीशी कुंपणावरून बोलत असते, ती मी कप घेऊन आले की ओठ घट्ट मिटते. हूं नाही की चूं नाही. काल सकाळी खूप विनवलं, म्हटलं, "अम्मा, एक थेंब." तिने पदराखालून हात काढला, सहा वर्षांत पहिल्यांदा आपणहून, आणि बोट माझ्यापुढे धरलं. "घे, टोच," म्हणते, "बोटाला हलव्याची बातमी पोचायला वेळ लागतो. तोंड लगेच सांगतं."

...झाला का अर्धा तास? चला काका, तुम्ही तरी उघडा तोंड.