वीस फुटांवरची कुजबूज

माझं गाव खटाव तालुक्यातलं, आणि आमच्याकडे पोरगं दहावी झालं की त्याची छाती मोजायची पद्धत होती, म्हणजे बाप खरंच दोरी घेऊन मोजायचा आणि फुगवून किती भरते ते बघायचा. माझी भरली. मी तसा पुस्तकात डोकं घालून बसणारा, मास्तर म्हणायचे ह्याला पुढं शिकू द्या, पण छाती भरली म्हटल्यावर मास्तरांचं कोण ऐकतंय. एकोणिसाव्या वर्षी तोफखान्यात भरती झालो, नाशिकला ट्रेनिंग केलं आणि चोवीस वर्षं तोफेशेजारी उभा राहून हवालदार म्हणून सुटलो. इथं पुनावळ्यात सोसायटीत मला जाधवकाका म्हणतात. लढाईचं विचारू नका, लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. मला सांगायचंय ते कानांचं आहे, आणि भीतीचं, आणि भीती म्हणाल तर ती मला तोफेपाशी कधी वाटली नाही, ती ह्या चौथ्या मजल्यावरच्या घरात वाटली.

तोफ उडते तेव्हा आवाज आधी छातीत येतो. कानात नंतर एक शिट्टी राहते. सुरुवातीला ती संध्याकाळपर्यंत जायची, मग दोन दिवस राहायला लागली, मग गेलीच नाही. आता तुमच्याशी बोलतोय ना, तरी मागे ती चालू आहे. कापसाचे बोळे मिळायचे, पण दोन्ही कानांत घातले तर हुकूम ऐकू यायचा नाही, म्हणून मी उजव्या कानातला काढून ठेवायचो. उजवा आधी गेला.

आता तपासणी कशी व्हायची ते सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलंय. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एक कान बोटानं बंद करायचा, आणि डॉक्टर वीस फुटांवर मागे उभे राहून कुजबुजणार, एखादं गाव, एखादा आकडा. आपण ते मोठ्यानं परत म्हणायचं. नाही जमलं तर मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली गेली की बढती थांबली. तर आम्ही काय करायचो, आधी आत जाऊन आलेला माणूस रांगेजवळून जाताना बुटाची नाडी बांधायला वाकायचा आणि पुटपुटायचा, आज दिल्ली, चव्वेचाळीस, कानपूर. आमच्यात हे काम शिर्केचं. कऱ्हाडकडचा, माझा जोडीदार. मी आत जाऊन भिंतीकडे बघत ठणठणीत आवाजात म्हणायचो, दिल्ली साहेब, चव्वेचाळीस साहेब. मागे कुजबूज झाली का नाही हेसुद्धा मला कळायचं नाही, मी मनात सेकंद मोजून बोलायचो. सुटतानाच्या शेवटच्या मेडिकल बोर्डातही तेच केलं, कारण बाहेर नोकरी हवी होती. माझ्या कागदावर लिहिलं गेलं, दोन्ही कान उत्तम. आणि तो शिर्के, आयुष्यभर आम्हाला उत्तरं पुरवणारा, त्यानं स्वतःच्या बोर्डात खरं सांगितलं. त्याला कानाचं मशीन तेव्हाच मिळालं. मी त्याला हसलो होतो, म्हटलं म्हातारा झालास लेका.

मग चाकणला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो, तिथंही पंधरा-सोळा वर्षं काढली. भोसरीत खोली घेतली, पोराचं शिक्षण तिथंच झालं. बहिरा माणूस गेटवर कसा टिकला म्हणाल, तर मी ओठ वाचायचो. आणि मी फार बोलायचो. बोलत सुटलेला माणूस बहिरा असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ड्रायव्हर लोक म्हणायचे, राव हे फौजी काका समोरच्याला बोलूच देत नाहीत. एकदा कंटेनर रिव्हर्स येत होता, माझ्याबरोबरच्या गार्डनं कॉलर धरून ओढलं म्हणून वाचलो, आणि वर त्यालाच दम दिला की मला दिसत होता. पुढं त्या मास्कच्या दिवसांत सगळ्यांची तोंडं झाकली गेली आणि एका दिवसात मला कळलं की मला काहीच ऐकू येत नाही. काहीच. पंधरा दिवसांत नोकरी सोडली. घरी सांगितलं, गुडघे दुखतात.

घरी म्हणजे कमलला सोडून बाकीच्यांना. कमल माझी बायको. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती माझ्याशी कायम समोर येऊन बोलायची, बेल वाजली की माझ्या कोपराला हात लावायची, चारचौघांत कुणी काही विचारलं की तेच परत म्हणायची, अवं, ते इचारत्यात गावी कवा जाणार. लोकांना वाटायचं बाई मध्ये मध्ये बोलते. तिच्या भावानं एकदा तिला तोंडावर म्हटलं, ताई, दाजींना बोलू दे की जरा. ती नुसती हसली. मशीन घ्या म्हणून मागे लागायची, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड हाय नव्हं तुमच्याकडं, जाऊन या की. मी म्हणायचो, तू आहेस ना.

मागच्या वर्षी, ह्याच फ्लॅटमध्ये, सकाळी साधारण अकरा. मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझ्या खुर्चीवर वाचत होतो, लायब्ररीचं पुस्तक होतं, त्याच दिवशी बदलायचं होतं म्हणून घाईनं संपवत होतो. कमल मागच्या ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी पुस्तक संपवलं, चष्मा पुसला, चहाचं विचारावं म्हणून उठलो. ती खाली पडलेली होती. हातात स्टीलच्या बादलीची कडी होती. कुणाला तरी बोलवायला धावत जाऊन दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई धापा टाकत दारात उभ्या होत्या, त्यांचे ओठ मी वाचले. काका, काकू किती वेळ हाका मारत होत्या, बादली आपटत होत्या, मी बेल वाजवून वाजवून थकले.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी आणलं असतं तरी वाचल्या असत्या असं सांगता आलं नसतं. हे त्यांनी मला समजवायला म्हटलं का खरंच, ते काही ओठांवरून कळत नाही. महेशनं, माझ्या मुलानं, विचारलं, आबा, तुम्हाला ऐकू कसं नाही आलं? मी म्हटलं, टीव्ही चालू होता रे. कुलकर्णीबाईंनी माझ्याकडे बघितलं.

काय सांगू तुम्हाला, त्यानंतर घरात मला सारखं मागे वळून बघायची सवय लागली. पाठीमागे कुणीतरी पडलंय आणि हाक मारतंय असं वाटायचं. दर पाच मिनिटांनी उठून सगळ्या खोल्या बघायच्या. सून प्राची एकदा म्हणाली, आबा, किती फेऱ्या मारता, राउंडवर आहात का? मी हसलो. हसत हसतच पुढची खोली बघायला गेलो.

आणि मग तीच एकदा जेवताना म्हणाली, आबा, जूनपासून रेवा साडेबाराला शाळेतून येईल, पाळणाघर बंद करू या का? तुम्ही आहात तर तिला घरचं जेवण मिळेल. रेवा माझी नात, पाच वर्षांची. माझा घास तसाच राहिला. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, हो हो, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले. म्हणाले, काका, सुटताना दोन्ही कान उत्तम लिहिलंय, मग हे फौजेत झालं असं कागदावर कुठंच नाही, पण ते पुढचं पुढं, मशीन तर कार्डावर मिळेल, आधी तपासणी करून या. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथं एका काचेच्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. एक मुलगी होती, ती म्हणाली, आवाज आला की दाबायचं, अगदी बारीक आला तरी. आणि ती काचेपलीकडे मशीनपाशी बसली.

मी मुद्दाम केलं असं म्हणू नका. आवाज सोडताना तिचा खांदा जरासा हलायचा. मला दिसला. माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. परत हलला, परत दाबलं. आयुष्यभराची सवय ती. अर्ध्या तासानं तिनं रिपोर्ट दिला, काका, वयाच्या मानानं छान आहे, मशीनची गरज नाही. आणि खरं सांगतो, बस स्टॉपपर्यंत माझी मान ताठ होती. पास झालो होतो ना. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मशीन तर मिळालंच नाही. पंधरा दिवसांनी जून होता.

जूनच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रेवा शाळेतून आली, पुढच्या बाल्कनीत खेळत होती, मी स्वयंपाकघरात तिचा वरणभात कालवत होतो. मधे एकदा जाऊन बघितलं, ठीक होती. मग तूप शोधत बसलो. ताट घेऊन गेलो तर ती सरकत्या दारापाशी उभी, दोन बोटं दारात चेमटलेली, तोंड लालबुंद, आणि आता रडतही नव्हती, नुसते हुंदके. दार सरकवलं. बोटं काळीनिळी झाली होती. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं आणि ते मी वाचलं, आबा, मी किती हाका मारल्या.

ताट कुठं ठेवलं मला आठवत नाही.

संध्याकाळी दोघं आले, पट्टी बघून प्राची घाबरली, महेशनं विचारलं, तुम्ही कुठं होतात आबा? आणि माझ्या तोंडून तेच निघालं, अरे टीव्ही चालू होता. रेवा आईच्या मांडीवर होती. म्हणाली, टीव्ही तर बंद होता, आबा.

पोर भांडत नव्हती. जे होतं ते सांगत होती.

मग मी सगळं सांगितलं. शिर्केचं, बोर्डाचं, गेटचं, हॉस्पिटलातल्या बटणाचं. आणि शेवटी त्या सकाळचं, टीव्ही त्या दिवशीही बंद होता, मी वाचत होतो, कमल चौदा पावलांवर असेल नाहीतर पंधरा, आणि मला ऐकू आलं नाही. महेश उठला, बाल्कनीत गेला, पाठ करून उभा राहिला. तो काहीतरी बोलला. पाठ होती, मला कळलं नाही. काय म्हणालास, असं विचारायची हिंमत झाली नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

प्राचीनं सुट्टी काढली आणि मला परत त्याच हॉस्पिटलात नेलं. केबिनमध्ये गेल्यावर मी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली. बसायच्या आधी त्या मुलीचे ओठ दिसले, काका, इकडे बघा ना. मी पाठ फिरवून म्हटलं, बाई, मला तुम्ही दिसता कामा नये, मागच्या वेळी मी तुमच्या खांद्यावर पास झालो. ती आधी हसली, मग हसायची थांबली, असं प्राचीनं नंतर सांगितलं. भिंतीकडे तोंड करून बसलो आणि वाट बघत राहिलो, वाट बघत राहिलो. इतका वेळ शांतता होती की वाटलं मशीन बंद पडलंय. मशीन चालू होतं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. अंगठा दाबायला शिवशिवत होता, तो मी मुठीत धरून ठेवला.

ह्या वेळचा रिपोर्ट खरा आला, म्हणजे वाईट. महिन्याभरात दोन्ही कानांना मशीन मिळालं. तुम्हाला वाटेल मग आनंद झाला असेल. पहिला आठवडा मी दचकत होतो. प्लास्टिकची पिशवी, ताटावरचा चमचा, माझं स्वतःचं चावणं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी भिंतीला टेकलो. आणि बादली. प्राचीनं बाथरूममध्ये बादली सरकवली, तो आवाज ऐकला आणि मी मशीन काढून टेबलावर ठेवलं. पण मग परत घातलं. काढून चालणार नव्हतं.

रेवाला त्या दिवसानंतर त्यांनी परत पाळणाघरात घातलं होतं. महेश म्हणाला, बघू आबा. रागानं नाही, पण म्हणाला. तेव्हा मी एक केलं. एका रविवारी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि रेवाला म्हटलं, तू मागे उभी राहा आणि हळूच काहीतरी म्हण, ऐकू आलं तर मी सांगेन, नाही आलं तर नाही म्हणेन, मग तू एक फरशी पुढं ये. महेशला म्हटलं, तू मोज. लांबच्या टोकापासून सुरू केलं. मी म्हटलं, नाही. परत म्हटलं, नाही. आयुष्यात एवढ्या वेळा नाही कधी म्हटलं नव्हतं. आणि मग मागून बारीक आवाज आला, भोपळा. मी म्हटलं, भोपळा. ती ओरडली, बरोबर! महेशनं फरश्या मोजल्या आणि सांगितलं, सतरा, आबा. मग म्हणाला, सोमवारपासून रेवाला इथंच येऊ दे.

सगळे कामाला गेल्यावर मी घरातल्या फरश्या मोजल्या. माझ्या खुर्चीपासून ड्राय बाल्कनीपर्यंत. चौदा आहेत. मधे भिंत आहे, हे मला कळतं, पण कमल त्या दिवशी काही कुजबुजत नव्हती. कुणाला सांगितलं नाही हे, तुम्हाला सांगतोय, लिहायचं तर लिहा. कमल म्हणायची, जाऊन या की. सात-आठ वर्षं म्हणत होती.

भीती गेली का म्हणाल, तर नाही. बॅटरी सकाळी बघतो, दुपारी परत बघतो. खुर्ची आता स्वयंपाकघराच्या दारात ठेवलीय, तिथून दोन्ही बाल्कन्या सतराच्या आत येतात. तुम्ही इतका वेळ माझं ऐकलंत, तुमचे कान शाबूत राहोत, तुमच्या घरच्यांनी हाक मारली की ती तुम्हाला पोचो, एवढंच म्हणतो. आता साडेबारा होत आले. शाळेची बस खाली कोपऱ्यावर वळताना एकदाच हॉर्न देते. तुम्हाला माझ्या आधी ऐकू येईल. पण काही बोलू नका, मान वळवू नका, हातही हलवू नका. मला ऐकू येतोय का बघू दे.