घरात गप्प, वर्गात गप्प

आमचं मूळ गाव निघोजं, पण मी वाढले देहूरोडला, वडील तिथं लष्कराच्या डेपोत कामाला होते म्हणून. वडलांनी बुद्धाची दीक्षा घेतली तवाच सांगितलं, पोरीनं शिकायचं, मग मी शिकले, पुण्याला जाऊन समाजकार्य शिकले, आमच्या आळीत त्याचं नावबी कुणी ऐकलं न्हवतं. आई इचारायची, म्हंजे तू नर्स का मास्तरीण? मी म्हणायची, दोन्ही न्हाई गं, ज्या पोरांच्या मनाला काही लागलंय त्यांच्याशी बोलायचं. आई म्हणायची, बोलायचा कुठं पगार असतोय व्हय?

पिंपरीत कामगारांच्या पोरांची एका ट्रस्टची शाळा होती, तिथं मला घेतलं. खोली दिली ती खेळाच्या सामानाची, एका कोपऱ्यात लेझमी, दुसऱ्यात मी. शिक्षकांत डबा घेऊन गेले की बोलणं थांबायचं, त्यांना वाटायचं ही नजर ठेवायला आणलीय, मग मी खोलीतच जेवायला लागले. पोरं त्या खोलीला येड्यांची खोली म्हणायची, दारावरनं पळत जायची. राहायला चिंचवडला भाड्याची खोली, एकटीच. स्थळं यायची ती नोकरी ऐकून परत जायची. काय सांगू तुम्हाला, नोकरी दुसऱ्यांशी बोलण्याची, आणि माझ्याशी बोलायला कुणी न्हवतं.

अशात कमल आली. सहावीतली पोरगी, लातूरकडची. आई गावाकडं तापानं गेली, तवा बापानं तिला इकडं आणलं, बाप कारखान्यात कायम रातपाळीला. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी फळ्यापाशी बोलावलं, ही म्हणाली, यायले की बाई. येतेय म्हणायचं तर तिच्याकडं तसंच बोलतात, पण सगळा वर्ग हसला, बाईबी हसल्या. त्या दिवसापासनं पोरगी बोललीच न्हाई, हजेरीलाबी न्हाई. बाई म्हणायच्या मुद्दाम करते, हेडसर म्हणाले मुकी असंल, मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत पाठवू, तुम्ही तसं सांगा म्हंजे झालं. मी म्हणाले, सर, मी न्हाई सांगणार, ती मुकी न्हाई. ते म्हणाले, मग बोलती करून दाखवा, न्हाईतर तुमचं हितं काम तरी काय?

मग मी बोलावलं की ती माझ्या शाळेतल्या खोलीत येऊन बसायची. मी काही इचारायची न्हाई, आपलं आमच्या देहूरोडचं सांगत बसायची, वडील कसे घोरायचे, आई कशी रागवायची, सगळं घरच्या भाषेत, जी मी पुण्यात शिकताना दाबून ठेवली होती. पोरगी नुसती बघायची. लई दिवस असं चाललं, मलाबी वाटायला लागलं सरांचंच खरं की काय. आणि एक दिवस खाली मान घालून ती बोलली. म्हणाली, बाई, तुमी इतकं हळू कामून बोलता, तुमच्या घरी कोण झोपलंय?

मी म्हणाले, कुणी न्हाई गं. घरी मी एकटीच असते.

संध्याकाळी बापाकडं गेले. एकच खोली, तो नुकता उठून चहा करत होता. कौतुकानं म्हणाला, लई शहाणी हाय बाई माझी लेक, मी दिवसभर झोपतो, भांडं वाजू देत नाही. मी शाळेतलं सांगितलं, तसा त्यानं चहा तसाच खाली उतरवला. म्हणाला, आई गेल्यापासनं ती रडलीबी नाही, मला वाटलं सोसलं तिनं. दुसऱ्या दिवशी तो साहेबाला दिवसपाळी मागायला गेला, मीबी गेटपर्यंत गेले, पण ती काय मिळाली न्हाई. मग ठरवलं, शाळा सुटली की पोरीनं माझ्या चिंचवडच्या खोलीवर यायचं, बाप उठेपर्यंत. माझ्या खोलीत ती मोठ्यानं कविता म्हणायची, भांडी आपटायची, आणि एकदा आईच्या नावानं अशी रडली की शेजारीण धावत आली. मी म्हणाले, रडू द्या, हितं कुणी झोपलेलं न्हाई. पुढं ती वर्गातबी बोलायला लागली, तिच्याच बोलीत, आणि हसणाऱ्यांना उलटून इचारायची, काय झालं हसायला?

सरांनी पुन्हा मुक्यांच्या शाळेचं काढलं न्हाई, पण शाब्बासबी म्हणाले न्हाईत. सातवी झाल्यावर बापानं दुसरं लग्न केलं आणि तिला घेऊन गावाकडंच गेला. तेव्हा मी आईच्या आजारपणात देहूरोडला होते, भेट झाली न्हाई. परत आल्यावर संध्याकाळ जाता जाईना.

आता पोरं आपणहून येतात, बाईबी एखादीला पाठवतात, जरा बघा म्हणतात. लग्नाचं राहूनच गेलं, त्याचं आता काही वाटत न्हाई. कमल मोठी झाली असंल, तिचं लग्नबी झालं असंल. सासरी कुणाशी कडाकडा भांडत असली तरी चालंल मला, पण बोलत असू दे बाई.